चट्ट्याचं वजन

तोंडातला पांढरा चट्टा दुखत नाही, हीच त्याची सगळ्यात वाईट खोड. दाढ ठणकली तर माणूस अपरात्री डॉक्टरचं दार वाजवतो. गालाच्या आत रुपयाएवढा पांढरट, खरखरीत डाग वर्षभर मुक्काम ठोकून असला तरी त्याची दखल कुणी घेत नाही. जीभ फिरवली की जाणवतो, तिखट खाल्लं की जरा झोंबतं, बास. विदर्भातल्या एका दंत महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अशी माणसं रोज येतात. पण चट्टा दाखवायला नाही. कुणाला दात काढायचा असतो, कुणाला कवळी बसवायची असते. खुर्चीत बसतात, तोंड उघडतात आणि डॉक्टरचा छोटा आरसा गालाशी थबकतो.

तिथे पाहिलेला एक ऑटोवाला पस्तिशीचा असेल. दाढ किडली म्हणून आला होता.

"खर्रा खाता?"

"जास्त नाही जी. चार-पाच पुड्या दिवसाच्या."

"कधीपासून?"

"बारावीत होतो तवापासून."

डॉक्टरीणबाईंनी त्याला स्वतःची तीन बोटं उभी जुळवून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं अडलं. उजवा गाल आरशानं बाजूला ओढला तर आत पांढरा पट्टा, मधूनमधून लाल ठिपके. पांढऱ्यात लाल दिसलं की डॉक्टरांचा आवाज बदलतो, तसा त्यांचाही बदलला. त्यांनी 'तुकडा' हा शब्द काढला मात्र, ऑटोवाला खुर्चीतून अर्धा उठला. "तुकडा नका काढू मॅडम. आमच्या काकाचा काढला अन् मग पसरला." हे वाक्य त्या विभागात दिवसातून किती वेळा ऐकू येतं, याची मोजदाद कुणी ठेवत नाही. काकाचा रोग तुकडा काढण्याआधीच पसरलेला असतो, तुकडा फक्त बातमी देतो. पण बातमी देणाऱ्यालाच धोपटण्याची आपली रीत जुनी आहे.

तुकडा काढून घ्यायला तो तयार झाला, तर पुढे काय कळणार? कर्करोग असेल तर कळेल. नसेल, तर पुढचा प्रश्न फार अवघड आहे: हा चट्टा उद्या उलटणार का? अशा पांढऱ्या चट्ट्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात. तो असलेल्या शंभरांतल्या बहुतेकांना कधीच कर्करोग होत नाही. थोड्यांना होतो. ते थोडे कोण, हे आज कसं ओळखायचं, याचा शोध गेली सत्तर-ऐंशी वर्षं चालू आहे. त्या शोधातला एक रस्ता रंगांमधून जातो, आणि त्यातले काही रंग अंधारात चमकतात. त्या रस्त्यावर विज्ञानातली एक मोठी लबाडीही घडली. तिची गोष्ट पुढे येईलच.

नेहमीची पद्धत अशी. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतो, मेणात बसवला जातो, त्याचे केसापेक्षा बारीक काप करून गुलाबी-जांभळे रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशींची उतरंड नीट आहे का, केंद्रकं फुगलीत का, विभाजन भलत्याच थरात दिसतंय का, हे बघून 'डिसप्लेशिया' सौम्य, मध्यम की तीव्र असा शेरा मिळतो. अनुभवी डोळा फार काही पकडतो. पण तीच काच दोन तज्ज्ञांना दाखवली तर एक सौम्य म्हणतो, दुसरा मध्यम. आणि महिन्याभरानं तीच काच पहिल्याच तज्ज्ञाला दाखवली तर तोही स्वतःशी सहमत होईल याची हमी नाही. यात कुणाचा दोष नाही, नजरेच्या मापाची ती मर्यादा आहे. म्हणून संशोधकांना हवा होता आकडा, मतभेदाला जागा न देणारा.

आकडा मिळण्याची शक्यता केंद्रकात होती. माणसाच्या साध्या पेशीत ४६ गुणसूत्रं आणि त्यांत मिळून सुमारे साडेसहा पिकोग्रॅम डीएनए. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. पेशी दुभंगण्याआधी हा साठा दुप्पट होतो, मग वाटणी बरोब्बर अर्धी-अर्धी. कर्करोगाच्या पेशींत ही वाटणी बिनसते, हे जर्मनीत डेव्हिड फॉन हान्झेमान यांनी १८९० मध्येच टिपलं होतं. थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री साळूंच्या अंड्यांवरच्या प्रयोगांतून तोच धागा ओढला आणि १९१४ मध्ये सरळ मांडलं की, गुणसूत्रांचा हिशेब चुकणं हेच कर्करोगाचं मूळ असावं. तेव्हा डीएनए नावाच्या गोष्टीला कुणी विचारतही नव्हतं. गुणसूत्रांची संख्या अशी वेडीवाकडी होण्याला अॅन्युप्लॉइडी म्हणतात. चट्ट्यातल्या पेशींत ती दिसली, तर कर्करोगाच्या आधीच त्याची चाहूल लागेल, अशी आशा.

पण लाख कोटीव्या भागाचं वजन करायचं कशानं? १९२४ मध्ये गीसनच्या रॉबर्ट फॉयल्गेन यांनी हाइन्रिख रोसनबेक यांच्यासोबत त्याची युक्ती शोधली. पेशी हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवायच्या, मग शिफचं रसायन घालायचं. डीएनए जितका, तितका किरमिजी रंग. ऐकायला सोपं आहे, पण सगळं घड्याळावर चालतं. आम्लात कमी वेळ ठेवलं तर रंग पुरता चढत नाही, जास्त वेळ राहिलं तर डीएनएच धुऊन जातो. म्हणून त्याच काचेवर निरोगी पांढऱ्या पेशी शोधून त्यांना एकपट धरायचं आणि बाकीच्यांची त्यांच्याशी तुलना करायची. माप रंगाचं असलं तरी भरवसा सगळा कारागिराच्या हातावर. शंभर वर्षं होऊन गेली, तरी ही पद्धत अजून चालू आहे.

चमकणारे रंग त्यानंतर आले, आणि त्यांच्या आगमनाची कथा मला जास्त आवडते, कारण त्यातले बरेचसे भलत्याच कामासाठी जन्मले होते. अॅक्रिडिन ऑरेंज हा डांबराच्या रसायनांतून आलेला, कापडाच्या रंगांच्या घराण्यातला. त्याला कर्करोगाच्या तपासणीला जुंपलं लुडविग फॉन बेर्टालान्फी यांनी. व्यवस्थाशास्त्राचे विद्यार्थी या नावाला दचकतील. होय, 'जनरल सिस्टिम थिअरी'वाले तेच हे बेर्टालान्फी. १९५६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्यांनी मासिन आडनावाच्या दोन सहकाऱ्यांसह दाखवलं की, हा रंग टाकून निळ्या प्रकाशात पाहिलं तर डीएनए हिरवा आणि आरएनए नारिंगी-लाल चमकतो. कर्करोगाच्या पेशी प्रथिनं बनवण्यात गुंग असल्यानं त्यांत आरएनए भरपूर, म्हणून त्या काळ्या पार्श्वभूमीवर निखाऱ्यासारख्या उठून दिसतात. सगळ्या विश्वाची व्यवस्था मांडू पाहणारा माणूस दिवसा खरवडलेल्या पेशी बघत होता, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

डॅपीची जन्मकथा आणखी मजेशीर. १९७१ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगन इथे ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत हे रसायन तयार झालं ते ट्रिपॅनोसोमावरचं औषध म्हणून. याच जातीच्या जंतूमुळे आपल्याकडच्या जनावरांना सर्रा होतो. औषध म्हणून डॅपीचं काही जमलं नाही, पण डीएनएच्या पिळातल्या अरुंद खाचेत ते फिट्ट बसतं आणि बसलं की एरवीच्या वीसेक पट उजळतं, हे ध्यानात आलं. आज जगातली क्वचितच एखादी जीवशास्त्राची प्रयोगशाळा त्याच्याविना चालत असेल. एथिडियमही मुळात जनावरांचं औषध, आणि प्रोपिडियम त्याचंच भावंड. एथिडियम वापरून म्युन्स्टरच्या वोल्फगांग ग्योडे यांनी १९६८च्या सुमारास असं यंत्र उभं केलं की, पेशी एकामागोमाग एक प्रकाशाच्या झोतातून धावतात आणि प्रत्येकीची चमक मोजली जाते. दोन काचा बघायला लागणाऱ्या वेळात दहा हजार पेशींचं माप.

मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत ही चमक बघायला मिळाली. खोलीत काळे पडदे, एसीचा आवाज, आणि तंत्रज्ञ म्हणाला, "आधी डोळे सरावू द्या." मग त्यानं अतिनील प्रकाशाची झडप उघडली. नेत्रिकेत निळी केंद्रकं उगवली, शेकड्यानं. गालाच्या साध्या पेशींची केंद्रकं छोटी, गोल, एकसारखी. त्यांच्यात एक तिप्पट मोठं, कडा खडबडीत, नको इतकं तेजस्वी. तंत्रज्ञानं ते पडद्यावर टिपलं आणि झडप लगेच बंद केली. "जास्त वेळ बघत बसलं की विझतं." प्रकाशानं चमकणारा रंग प्रकाशानंच फिकट होत जातो, मोजायला उशीर झाला की माप कमी भरतं. फॉयल्गेनचा न चमकणारा जुना रंग अजून टिकून आहे तो याचमुळे: त्याची काच वर्षानंतरही काढून मोजता येते.

आणखी एक अडचण कापाची. मेणातल्या तुकड्याचे काप इतके पातळ असतात की केंद्रकंच मधून कापली जातात. अर्ध्या केंद्रकात अर्धाच डीएनए. डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये उपाय काढला: जाड काप घ्यायचे, मेण उतरवायचं आणि पेप्सिननं ऊती पचवून अख्खी केंद्रकं सुटी करायची. त्यामुळे रुग्णालयांच्या कपाटांत वर्षानुवर्षं पडून असलेल्या मेणाच्या ठोकळ्यांना एकदम किंमत आली. दहा वर्षांपूर्वी ज्याचा तुकडा काढला, त्याचं पुढे काय झालं हे नोंदींत बघायचं आणि जुन्या ठोकळ्यातला डीएनए आज मोजायचा. भविष्य आधीच घडून गेलेलं असतं, फक्त ताळा जुळवायचा.

असाच ताळा जुळवल्याचा दावा घेऊन जॉन सुडबो नावाचे संशोधक २००१ मध्ये पुढे आले.

ते ओस्लोच्या नॉर्वेजियन रेडियम हॉस्पिटलमध्ये होते, डॉक्टरही आणि दंतवैद्यही. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांचा लेख आला. ल्युकोप्लाकियाचे १५० रुग्ण. ज्यांच्या चट्ट्यात डीएनए नेमका होता अशा १०५ जणांपैकी ३ जणांना पुढे कर्करोग झाला. दुप्पट डीएनएवाल्या २० पैकी १२ जणांना. आणि अॅन्युप्लॉइड असलेल्या २५ पैकी २१ जणांना, म्हणजे ८४ टक्के. (त्यांनी फॉयल्गेनचा रंग वापरला होता, चमकणारा नाही, पण मोजायची वस्तू तीच.) जगभरच्या तोंडाच्या डॉक्टरांना जो आकडा हवा होता, तो अखेर सापडला असं वाटलं. २००४ मध्ये त्याच नियतकालिकात पुढचा लेख: अॅन्युप्लॉइड चट्टा शस्त्रक्रियेनं संपूर्ण काढला तरी असे रुग्ण दगावतात. म्हणजे सुरी पुरेशी नाही, औषध हवं. अमेरिकेत मोठ्या निधीच्या औषधचाचण्यांची आखणी त्यावर सुरू झाली.

ऑक्टोबर २००५ मध्ये त्यांनी 'द लॅन्सेट'मध्ये आणखी एक लेख छापला, साध्या वेदनाशामक गोळ्यांमुळे तोंडाच्या कर्करोगाचा धोका घटतो असा. ९०८ माणसांची माहिती, नॉर्वेच्या राष्ट्रीय माहितीसाठ्यातून घेतलेली. नाताळच्या सुटीत हा लेख नॉर्वेच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या कॅमिला स्टोल्टेनबर्ग यांच्या हाती पडला. त्या साठ्याशी त्यांच्या संस्थेचा थेट संबंध होता, आणि लेखात सांगितलेल्या काळात तो संशोधकांना खुलाच झालेला नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. जानेवारी २००६ मध्ये सारं उघड झालं. ती ९०८ माणसं कुठेच नव्हती, सुडबो यांनी ती संगणकावर बसून जन्माला घातली होती. आळस इतका की त्यांतल्या २५० जणांची जन्मतारीख एकच.

मग जुने लेख उकरले गेले. २००१च्या लेखात वेगवेगळ्या रुग्णांची म्हणून छापलेली सूक्ष्मदर्शकाची दोन छायाचित्रं एकाच चित्राची, फक्त कमी-जास्त मोठी केलेली निघाली. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचे अँडर्स एकबॉम यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं ३८ लेख तपासले आणि १५ निकालात काढले. १५० रुग्णांच्या त्या प्रसिद्ध यादीत अनेकांना चट्टा नोंदवण्याआधीच किंवा त्याच सुमारास कर्करोग झालेला होता. झालेल्या रोगाचं भाकीत अचूक निघणारच! 'न्यू इंग्लंड जर्नल'नं दोन्ही लेख मागे घेतले, सुडबो यांचा डॉक्टरकीचा आणि दंतवैद्यकीचा परवाना गेला.

या प्रकरणाकडे एका माणसाची लबाडी म्हणून बघणं मला पुरेसं वाटत नाही. लेखांना सहलेखक होते, परीक्षक होते, जगातली दोन सर्वांत मानाची नियतकालिकं होती, आणि २५० माणसांची एकच जन्मतारीख यांतल्या कुणालाही दिसली नाही. ३, ६०, ८४ टक्के असे चढत जाणारे आकडे इतके देखणे होते की, मूळ नोंदवही बघू द्या असं म्हणायची कुणाला गरज वाटली नाही. खरी माहिती सहसा इतकी देखणी नसते.

हे झाल्यावर या मापावरूनच लोकांचा विश्वास उडाला तर नवल नव्हतं. पण इतरांनी चिकाटीनं मोजणं चालू ठेवलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या गटानं २०१३ मध्ये २७३ रुग्णांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या ३२ जणांना कर्करोग झाला. अॅन्युप्लॉइड चट्टे खरोखरच जास्त उलटतात असं दिसलं, पण ८४ टक्के नाही; चाळिशीच्या आतबाहेर. पॅथॉलॉजिस्टच्या 'तीव्र डिसप्लेशिया' या शेऱ्याचं भाकीतही जवळपास तितक्याच पाण्यात होतं, आणि दोन्ही एकत्र धरले तर कोणत्याही एकापेक्षा बरं. उलट बाजू जास्त कामाची ठरली. डीएनए नेमका असेल तर चट्टा बहुधा शांत राहतो. बहुधा, नक्की नव्हे.

नक्की का नाही, याचं कारण मापातच आहे. हे रंग रद्दीवाल्याच्या तराजूसारखे: गठ्ठा किती किलो भरला ते सांगतील, आत काय छापलंय ते वाचणार नाहीत. पेशीला आवर घालणाऱ्या एखाद्या जनुकात एका अक्षराचा बिघाड झाला तर वजनात काडीचाही फरक पडत नाही, आणि कर्करोगाची वाट तिथूनही फुटते. शिवाय तुकडा चट्ट्याच्या कुठल्या कोपऱ्यातून घेतला यावर सगळं अवलंबून. पांढरा भाग घेतला आणि लाल ठिपका राहून गेला, तर जगातला कुठलाही रंग तो चुकलेला ठिपका दाखवणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. तोंडाचा हा आजार आपलाच, आणि त्यावरचं पायाभूत कामही आपल्याकडचं. तोंड आखडत जाण्याच्या रोगाला, सबम्यूकस फायब्रोसिसला, ते नाव दिलं मुंबईचे डॉ. जोशी यांनी १९५३ मध्ये. त्याची सूक्ष्म ओळख १९६६ मध्ये डेन्मार्कचे येन्स पिंडबोर्ग आणि मुंबईच्या डॉ. सत्यवती सिरसाट यांनी पक्की केली. त्याच दशकात होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अणुविज्ञानाच्या शेजारी, डॉ. फली मेहता दातांच्या संशोधनाचा विभाग चालवत होते. या गटानं महाराष्ट्रातल्या खेड्यांत १,०१,७६१ माणसांची तोंडं घरोघर जाऊन तपासली आणि निष्कर्ष १९७२ मध्ये छापले. चुलीवर तंबाखू भाजून केलेल्या मिशरीनं दात घासणाऱ्या बायका त्यात हजारोंनी होत्या. या माणसांच्या जन्मतारखा खऱ्या होत्या.

पुढे याच परंपरेतून केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या ३६ हजार तंबाखू वापरणाऱ्यांचा अभ्यास उभा राहिला. नुसतं समजावून सांगून, पुन्हा पुन्हा घरी जाऊन तंबाखू सोडायला लावली आणि नवे चट्टे उगवण्याचं प्रमाण ठळकपणे घटलं. हे १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच छापून आलं. २००५ मध्ये, सुडबोंचा लेख आला त्याच वर्षी आणि त्याच 'लॅन्सेट'मध्ये, तिरुअनंतपुरमची चाचणी प्रसिद्ध झाली. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी १९९६ पासून जवळपास १ लाख ९२ हजार लोकांना त्यात घेतलं होतं. निम्म्या भागात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी, डॉक्टरांनी नव्हे, प्रकाशात तोंड बघितलं. बस्स, एवढंच. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. वर्ष एक, नियतकालिक एक. त्यातला मनानं रचलेला लेख जगभर गाजला आणि खऱ्या लेखाचं नाव आपल्याकडे कितीजणांनी ऐकलंय, विचारून बघा.

म्हणून या चमकत्या रंगांची जागा कुठे, याबद्दल माझं मत सरळ आहे. गावपातळीवर त्यांचं काम नाही. तिथे बॅटरी, आरसा आणि नीट शिकवलेली आशाताई पुरे. तिशी ओलांडलेल्यांचं तोंड तपासणं सरकारी कार्यक्रमात लिहिलेलंच आहे, ते कागदावरून गालापर्यंत पोचलं पाहिजे. रंगांची गरज त्यानंतर, जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात. पाचशे चट्टेवाल्यांतल्या कोणत्या पन्नासांना दर तीन महिन्यांनी बोलवायचं आणि कोणाला वर्षानं, ही निवड नुसत्या नजरेनं करण्यापेक्षा नजर आणि आकडा दोन्ही धरून केलेली बरी. ब्रश फिरवून काढलेल्या पेशींवरही हे माप घेता येतं; तुकड्याला भिणारा ऑटोवाला निदान ब्रशाला तरी तयार होईल. संशय आला तर मात्र तुकडा चुकत नाही, हे त्याला त्याच वेळी सांगायला हवं. आणि त्यानं खर्रा सोडला नाही, तर केंद्रक कितीही सुंदर चमकलं तरी त्याचा त्याला उपयोग शून्य. २०१२ पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आहे. सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन पानटपरीवर ती रोज मोडली जाते, हे वाचकांना सांगायला नको.

जेवणाचा हात धुऊन झाला की उजेडात आरशासमोर उभे राहा. दोन्ही गाल बोटानं ओढून आतून बघा, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा बघा, जीभ टाळूला लावून खालची जागा बघा. तीन बोटं उभी आत जातात का ते तपासा. पांढरा किंवा लाल डाग, न भरणारी जखम दोन-तीन आठवड्यांहून जास्त टिकली तर दुखत नसली तरी दाखवा. तुकडा काढायला सांगितला तर काढून घ्या आणि अहवालाचा कागद जपून ठेवा. घरात तंबाखू, खर्रा, मिशरी कुणाला सोडायची असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६. फोन मोफत आहे.